खेळण्यातला विस्तव

बोरगावला आमच्या शेतात सोयाबीनचे थ्रेशर सुरू झाले की वडील आधी बाह्या कोपरापर्यंत सारत, गळ्यातला दुपट्टा काढून आईच्या हाती देत आणि आम्हा पोरांना दहा हात लांब उभे करीत. “यंत्राला चेष्टा कळत नाही,” एवढेच म्हणत. ते आम्हाला पुरत असे.

२००८ साली पुण्यात आशिया-पॅसिफिक देशांची ‘रोबोकॉन’ झाली, तेव्हा यंत्रमानव हा इंजिनिअरिंगच्या पोरांचा नाद होता. २०१६ नंतर अटल टिंकरिंग लॅब निघाल्या आणि तो शाळेपर्यंत आला. माझ्या नातवानेही चार चाकांची गाडी केली. स्पर्धेच्या आदल्या रात्री तो बॅटरी घेऊन आला.

“आबा, हे फुगल्यासारखी वाटून राहिली.”

मी चष्म्यावरून पाहिले. पुरीसारखी टम्म झाली होती. “टेप लाव अन् झोप,” मी म्हणालो. खेळणेच ते!

दुसऱ्या दिवशी गाडी कडेच्या फळीवर आदळली. बॅटरीचे आवरण फाटले, पांढरा धूर निघाला आणि भसकन जाळ झाला. एका मास्तरांनी वाळूची बादली ओतली; पण त्याआधीच पोराने गाडी वाचवायला हात घातला होता. दोन बोटे भाजली.

तीन सेलची ती लिथियम बॅटरी ११.१ व्होल्टची. शॉक बसत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण फुगणे म्हणजे आत वायू साठणे. अशी बॅटरी दबली, टोचली की आतले थर एकमेकांना भिडतात आणि पेट घेतात. ती पुन्हा चार्ज करायची नसते, वापरायची तर नसतेच.

स्पर्धेचे नियम इंग्रजीत छापले होते. माइकवरून हिंदीत ‘सावधानी बरतें’ झाले होते. मराठीत सांगणारा घरात मी एकटा, आणि मी सांगितले ते ‘टेप लाव’. तीन भाषा येणाऱ्या घरात पोराला एका भाषेतही धोका कळला नाही, याची टोचणी अजून जात नाही.

आता बॅटरी उघड्या फरशीवर, कडब्यापासून लांब चार्ज होते. ती निघेस्तोवर मी जवळ खुर्ची टाकून बसतो. गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांवर जाड चष्मा असतो.

“काय पाहून राहिले, आबा?”

“यंत्राला चेष्टा कळत नाही, बाप्पा,” मी म्हणतो. वडिलांचे वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला जरा उशीरच झाला.