सांध्यांचं जंक्शन

दिवा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? दारात लटकलेली माणसं! पण जरा फलाटाच्या टोकाला जाऊन बघा. इथून एक मार्ग वसईकडे फुटतो, एक पनवेलकडे, आणि त्याच पनवेलवरून सावंतवाडीची गाडी कोकणात उतरते. रूळ फुटतात त्या जागेला रेल्वेवाले म्हणतात सांधा. लाकडं जुळतात तिथे सुतारही म्हणतो सांधा. फ्रेंच सुतारकामाची मॅन्युअल्स इंग्रजीत करणारीला राहायला याहून फिट्ट जागा कुठली?

मॉर्टिस आणि टेनन हे इंग्रजी शब्द मुळात फ्रेंचमधूनच आलेले, त्यामुळे तिथे डोकं चालवावं लागत नाही. मग येतं ‘क्यो दारोंद’, म्हणजे पाकोळीची शेपटी. इंग्रजांना त्याच आकारात कबुतर दिसलं, म्हणून डव्हटेल. ‘आंफुर्शमां’मध्ये फ्रेंचांना काटा दिसतो, इंग्रजीत तोच सांधा ब्रिडल, म्हणजे लगाम! शब्दशः गेलात तर वाचणारा भलतीच खाच मारणार, आणि कापलेल्या सागाला ‘अनडू’ नसतं, बॉस. सगळ्यात भारी ‘त्रे द झुपितेर’. दोन तुळया लांबीत जोडणारा हा सांधा बाजूने विजेच्या रेघेसारखा दिसतो. इंग्रजीत नुसता स्कार्फ जॉइंट. वीज गायब!

दिवा पूर्वेला एका गल्लीत चौकटी बनवणारे एक काका आहेत, मूळचे सावंतवाडीकडचे. अडलं की मी चित्र घेऊन त्यांच्याकडे. टेननला ते कुसू म्हणतात. परवा अडलं नुसत्या ‘त्रे’वर. अख्खं छप्पर आधी जमिनीवर रेघांनी आखून घ्यायची ही फ्रेंच विद्या २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. २०१९ च्या आगीत जळालेलं नोत्र दामचं छप्पर पुन्हा ओकमध्येच उभं राहिलं आणि २०२४ च्या डिसेंबरात चर्च उघडलं, तेव्हा असेच सुतार कामी आले. इंग्रजीत याला स्क्राइबिंग म्हणतात. ओरखडा काढल्यासारखं वाटतं.

काकांनी चित्र पाहिलं. ‘‘अगो, ह्या तर सूत मारणं!’’ रंगात भिजवलेला दोरा ताणून सोडायचा, की लाकडावर सरळ रेघ. इंचाच्या आठव्या भागालाही सूतच म्हणतात. सुतार या नावातच ते बसलंय. क्लायंटला मात्र स्क्राइबिंगच हवं होतं, दिलं.

काकांकडे कुसवाचं काम आता क्वचित येतं. नव्या फ्लॅटांत प्लाय, स्क्रू आणि फेव्हिकॉल. त्यांचा मुलगा मॉड्युलर किचन बसवतो; कुसू त्याने ऐकलंय, कधी काढलेलं नाही. मी फाइलमध्ये फ्रेंच आणि इंग्रजीशेजारी मराठीचा तिसरा कॉलम उघडलाय. निम्म्याहून जास्त घरं रिकामी आहेत. रविवारी काका मोकळे असतात.