चाप हलका करताना

आम्ही बारावीचे कॅडेट आता थोड्याच दिवसांत शाळेचा निरोप घेऊ. जाण्यापूर्वी मराठी पानासाठी प्रत्येकाने काहीतरी लिहावे, असा आग्रह झाला. कोणी ट्रेकवर लिहिले, कोणी मेसच्या राजम्यावर. मी माझ्या एका चुकीबद्दल लिहितो आहे. गेल्या वर्षी मी नेमबाजी संघाचा कॅप्टन होतो, तेव्हाची ही गोष्ट.

आमच्या १० मीटर रेंजवर दोन प्रकारची एअर पिस्तुले आहेत. स्पर्धेची पिस्तुले दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात आणि ती संघातल्या मुलांनाच मिळतात. नवशिक्यांच्या हाती येतात ती जुनी स्प्रिंगची. त्यांची नळी मोडून खाली ओढली की आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि सियर नावाची छोटीशी खिट्टी तिला अडवून धरते. चाप ओढला की खिट्टी निसटते, पिस्टन पुढे धावतो आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुटतो. स्प्रिंगचा सगळा जोर त्या एका खिट्टीवर असतो, त्यामुळे चापही जड.

आमच्या हाउसमध्ये सहावीतला एक कॅडेट होता. नजर चांगली, उभे राहणे स्थिर, पण चाप त्याला ओढवत नसे. बोटाबरोबर अख्खी मूठ आवळली जायची आणि ऐन वेळी नळीचे तोंड खाली, डावीकडे झुकायचे. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३० सेंटिमीटर अंतर असते. त्यात पुढची साइट १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर छर्रा सुमारे ३३ मिलिमीटर बाजूला जातो. टार्गेटवरचे दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे. म्हणजे एका मिलिमीटरने दहाचे सहा होतात. याच्या बाबतीत तर कित्येकदा टार्गेट कोरेच राहायचे.

एके दिवशी पिस्तूल टेबलावर ठेवून तो म्हणाला, "सर, माझ्या हातात दमच नाही. मी क्रॉस कंट्रीत नाव देतो."

मला ते लागले. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या बाबांचे लेथचे वर्कशॉप आहे. सुट्टीत घरी गेलो की मी तिथेच बसतो, त्यामुळे कानस चालवायला मला येते. रविवारी पिस्तुले साफ करण्यासाठी कोतची किल्ली कॅप्टनकडे असे. त्या रविवारी हॉबी क्लबमधली बारीक कानस आणि पॉलिश पेपर घेऊन मी गेलो, एक पिस्तूल उघडले आणि सियरची धार घासली. कोणाला विचारले नाही. चाप इतका हलका झाला की माझा मलाच अभिमान वाटला.

पुढचे दोन दिवस तो मुलगा हवेत होता. दहापैकी सहा-सात छर्रे काळ्या भागात लागू लागले. तिसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे स्प्रिंग मी दाबून दिली, कारण तेवढी ताकद त्याच्यात नव्हती. त्याने छर्रा घातला, नळी बंद केली आणि बंद होताक्षणी पिस्तूल सुटले. छर्रा टेबलाच्या कडेत घुसला. शेजारच्या लेनमधल्या कॅडेटचा हात तिथून वीतभर अंतरावर होता.

"बोट चापावर होतं?" उस्तादांनी विचारले.

"नाही, उस्ताद."

उस्तादांचा विश्वास बसला नाही. नवशिक्यांकडून हीच चूक होते. त्यांनी त्याला सात दिवस रेंजबंद केले. जाताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मी डबीतले छर्रे मोजू लागलो.

त्या रात्री झोप आली नाही. मी भ्यालो होतो, हे कबूल करतो. कॅप्टनपद जाईल, घरी कळेल, हेच डोक्यात फिरत होते. पण तो मुलगा खरे बोलला होता आणि ते खरे आहे हे फक्त मला माहीत होते. सकाळी पीटी संपताच मी उस्तादांकडे जाऊन सगळे सांगितले.

उस्ताद फौजेत आर्मरर होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी पिस्तूल उघडले, सियर काढून उजेडात धरले आणि भिंग माझ्या हातात दिले. मी घासलेली कड तीन दिवसांत गोल झाली होती. "स्प्रिंग भरली असताना आणि त्याचा अंगठा छर्रा बसवत असताना ही सुटली असती तर?" त्यांनी विचारले. नळी फटकन मिटली असती आणि अंगठा मध्ये सापडला असता. मला उत्तर देता आले नाही.

रविवारी बाबांना फोन केला. ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अरं, वरचं कठीण कातडंच काढलंस तू. आत मऊ लोखंड असतंय. ते किती दिवस टिकणार?" असल्या भागांना वरून केस हार्डनिंग केलेले असते. तो कठीण थर अगदी पातळ असतो. कानशीने तो गेला की खालचे पोलाद दर शॉटला झिजत जाते. वर्कशॉपमध्ये हे मी दहादा ऐकले होते, पण सियर घासताना आठवले नाही.

संध्याकाळच्या फॉल-इनमध्ये मी सर्वांसमोर चूक सांगितली आणि त्या कॅडेटची माफी मागितली. त्याची रेंजबंदी उठली. माझ्याकडची किल्ली गेली, त्या वर्षीच्या इंटर-हाउस स्पर्धेतून नावही गेले. ते पिस्तूल मोडीत निघाले.

पण उस्ताद एवढ्यावर थांबले नाहीत. "तुझी तक्रार बरोबर होती," ते म्हणाले. "अकरा वर्षांच्या मुलाला हा चाप जडच आहे. पण आधी मोज." मेसच्या स्टोअरमधून हुकाचा स्प्रिंग काटा आणला. पिस्तुलात छर्रा भरून, ते टार्गेटच्या दिशेने शिकंज्यात धरून, उस्तादांच्या देखरेखीखाली आम्ही काट्याने चाप ओढला. अडीच किलो! पिस्तुलाचे स्वतःचे वजन सुमारे एक किलो. वस्तूच्या वजनापेक्षा जास्त जोराने एकच बोट ओढायचे म्हटल्यावर ती वस्तू हलणारच.

मग पुस्तिकेत दिलेला स्क्रू जेवढा फिरवायला परवानगी होती तेवढाच फिरवला आणि चापाच्या पिनीला तेलाचा थेंब दिला. काटा दोन किलोवर आला. त्यापुढे पिस्तुलाला हात लावला नाही. बाकीचे ओझे मुलाच्या हातावरून काढले. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवले आणि दोन्ही हातांनी धरायला लावले. आता पेलायचे काहीच नव्हते, फक्त एका बोटाने सरळ मागे ओढायला शिकायचे होते.

तीन महिन्यांनी उस्तादांनी त्याला स्पर्धेचे पिस्तूल दिले. मूठ लहान मापाची बसवली आणि बोटाचे पहिले पेर नेमके टेकेल इतका चाप मागे घेतला. या पिस्तुलात हवा न सोडता कोरा चाप ओढण्याची सोय असते, त्यामुळे आधी कित्येक दिवस एकही छर्रा न घालता सराव झाला. स्प्रिंगच्या पिस्तुलात असे करायचे नसते, रिकामा पिस्टन आपटून आतली सील खराब होते.

१० मीटर एअर पिस्तुलात चाप किमान ५०० ग्रॅमचा हवा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. नळी उभी धरून चापाने ५०० ग्रॅमचे वजन उचलावे लागते. वजन उचलायच्या आधीच चाप सुटला, तर पिस्तूल नापास. आम्ही ५२० वर ठेवला.

"सर, मी लहान आहे, माझ्यासाठी ३०० नाही का चालणार?" त्याने विचारले.

त्याला मी आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांचे उदाहरण दिले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. त्या प्रकारात चाप किमान १००० ग्रॅमचा असतो, आपल्या दुप्पट. शिवाय चाप फार हलका असला की थंडीने बधिरलेल्या बोटाला तो कळतच नाही, मनात येण्याआधीच शॉट सुटतो. तो हसला आणि पुन्हा लेनवर गेला. क्रॉस कंट्रीचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

आता रेंजवर एक रजिस्टर आहे. प्रत्येक पिस्तुलाचा क्रमांक, तारीख, चाप किती ग्रॅमचा, कोणी काय बदलले आणि खाली उस्तादांची सही. पहिल्या पानावर मोडीत निघालेल्या पिस्तुलाची नोंद माझ्या अक्षरात आहे. नव्या कॅप्टनला किल्लीबरोबर हे रजिस्टरही मिळेल. त्याने पहिले पान जरूर वाचावे.