नानांची सायकल आणि प्रवरेचा पाट

श्रीरामपुरात डोंगर नाही. दौंड-मनमाड लोहमार्गावरचे हे गाव सपाट काळ्या जमिनीवर वसले आहे. मूळ बेलापूर गाव येथून पाच-सहा किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी. येथे चढ असा काय तो पाटाच्या भरावाचा. त्यामुळे पुण्याच्या माझ्या भाच्याने परदेशी जाताना डोंगरवाटांवर चालवायची आपली विजेची सायकल आमच्या ओसरीत आणून ठेवली, तेव्हा घरात सगळे हसले. पुढे-मागे शॉकअप, रुंद टायर, तेवीस-चोवीस किलो वजन. हसले नाहीत ते फक्त नाना, माझे वडील.

नाना अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त शिक्षक. नोकरीची सारी वर्षे ते बेलापूरच्या शाळेत सायकलने गेले. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांची झीज वाढली, एकदा दारातच तोल गेला, आणि मी डॉक्टर या नात्याने सायकल बंद केली. त्यानंतर त्यांचे घराबाहेर पडणेच कमी झाले. मांड्यांचे स्नायू ओसरले, रक्तातील साखर वाढली, बोलणे घटले. पडण्याचा धोका मी मोजला होता; बसून राहण्याचा धोका मोजायचे राहून गेले होते.

“एकदा नदीपर्यंत जाऊन येतो,” नाना म्हणाले. मी होकार दिला आणि मोठी चूक केली. सायकल जशी आली तशीच त्यांच्या हाती दिली. भाच्याचे वजन पंच्याऐंशी किलो, नानांचे अठ्ठावन्न. शॉकअपमधील हवा त्याच्या वजनाची, खोगीर त्याच्या उंचीचे, मोटरची मदत सर्वांत वरच्या पायरीवर. पाटाच्या भरावावर चढताना नानांनी पायडल दाबले आणि सायकल झटक्याने पुढे गेली. पुढचे चाक पाण्याच्या बाजूला वळले. आवर्तन सुरू होते, पाट तुडुंब भरलेला होता. त्यांनी वेळीच पाय टेकला. कोपर खरचटण्यावर निभावले.

आठ दिवस सायकल कुलपात होती. तेवढ्या काळात मला एक साधी गोष्ट उमगली. पंच्याऐंशी किलोच्या तरुणाच्या औषधाची मात्रा मी नानांना कधीच दिली नसती. मग त्याची सायकल का दिली?

म्हणून मापे घेण्यास प्रारंभ केला. आधी खोगीर. टाच पायडलवर ठेवली असता सर्वांत खालच्या स्थितीत पाय सरळ व्हावा. मग चवडा ठेवून चालवताना गुडघ्याला किंचित बाक राहतो. खोगीर फार खाली असेल तर झिजलेल्या गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. या सायकलीला कळ दाबून खोगीर खाली नेण्याची सोय आहे. चढता-उतरताना आणि थांबताना दोन्ही पाय जमिनीला टेकतात, हा ज्येष्ठांसाठी तिचा सर्वांत मोठा गुण.

मग शॉकअप. नाना भिंतीचा आधार घेऊन दोन्ही पाय पायडलवर ठेवून बसले. मी शॉकअपच्या दांड्यावरील रबरी कडी वर सरकवली. ते अलगद उतरल्यावर कडी किती सरकली ते पट्टीने मोजले. मागचा शॉकअप एकूण 55 मिलिमीटर दबतो. स्वाराच्या वजनाने त्याचा पाव ते तीस टक्के भाग, म्हणजे सुमारे 15 मिलिमीटर, दबायला हवा. पुढची चाल 140 मिलिमीटर. तेथे पाचवा भाग, म्हणजे 28 मिलिमीटर, पुरे. नानांच्या वजनाने मागचा शॉकअप जेमतेम 8 मिलिमीटर दबत होता. त्या फेरीनंतर त्यांची मनगटे आणि कंबर का दुखत होती, याचे उत्तर मिळाले. हवा थोडी थोडी कमी करत माप जुळवले. यासाठी शॉकअपचा स्वतंत्र हातपंप लागतो. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसर येथे लावू नये. दबलेला शॉकअप किती वेगाने परत उसळतो, याचाही एक स्क्रू असतो. फूटपाथच्या कडेवरून सावकाश उतरल्यावर सायकल एकदाच उसळून स्थिर झाली, की तो जुळला असे समजावे.

शेवटी ब्रेक आणि मोटर. ब्रेकचे दांडे बोटांच्या जवळ घेतले, कारण संधिवाताची बोटे फार लांब ताणली जात नाहीत. मोटरची मदत सर्वांत खालच्या पायरीवर आणली. या सायकलीत पायडल मारल्याशिवाय मोटर मदत करीत नाही. म्हणून व्यायाम होतोच, फक्त गुडघ्यावरचा भार हलका होतो. आठवडाभर मोकळ्या मैदानात चढणे, थांबणे, वळणे यांचा सराव केला आणि मगच रस्ता धरला.

आता रविवारी सकाळी, नीट उजाडल्यावर, आम्ही दोघे निघतो; मी माझ्या साध्या सायकलवर. पाटाच्या कडेचा मुरमाड रस्ता, दोन्ही अंगांना ऊस, मध्येच एखादा गव्हाचा तुकडा. हे पाणी भंडारदऱ्याचे. ते धरण 1926 साली पूर्ण झाले आणि या कोरडवाहू मुलखाचे रूप पालटले. नाना ते मला दर वेळी सांगतात. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्ता व्यापून येतात. त्या दिसल्या की उतरून बाजूला उभे राहायचे, हा आमचा नियम. पाऊस झाला की काळी चिकण माती चाकांत अडकून बसते. त्या दिवशी फेरी रद्द. वेडी बाभूळ तर बारमाही. तिच्या काट्यांसाठी ट्यूबलेस टायरमध्ये भोके बुजवणारे द्रव्य भरले आहे. ते उन्हाने वाळते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पाहावे लागते.

दर पंधरवड्याला ओसरीत तपासणी होते. आधी बॅटरी काढून ठेवायची. शॉकअपचे माप पुन्हा घ्यायचे, कारण हवा हळूहळू उतरते. दांडे कापडाने पुसायचे. सीलमध्ये धूळ गेली की ते खराब होते. साखळी पुसून प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब आणि जादा तेल टिपून घ्यायचे. मोटरच्या जोरामुळे येथे साखळी लवकर झिजते. ब्रेकच्या चकतीला तेलाचा हात लागू द्यायचा नाही. पाण्याचा जोरदार फवारा मारायचा नाही, ओले फडके पुरते. शॉकअपची आतली सफाई बहुतेक कंपन्या सुमारे 50 तासांच्या वापरानंतर सांगतात. ती आणि मोटरचे काम जाणकाराकडेच द्यावे.

बॅटरी उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवू नये. फेरीहून आल्यावर ती निवू द्यावी, मग मूळ चार्जरनेच, जागे असताना आणि निजण्याच्या खोलीबाहेर चार्ज करावी. महिनाभर वापर नसेल तर निम्मी भरून ठेवावी. 

ज्येष्ठांच्या घरातील मंडळींना वैद्य म्हणून एवढे सांगेन. चक्कर, छातीत दुखणे, अंधुक दृष्टी किंवा एका पायावर क्षणभरही उभे न राहता येणे असे काही असेल, तर दुचाकी नको. घरातील स्थिर सायकल बरी. इतरांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रारंभ करावा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर खाऊन निघावे आणि खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला तर तो किरकोळ समजू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. हेल्मेट सर्वांनाच हवे. नाडीचे आकडे मोजण्यापेक्षा चालवताना सहज बोलता येते का ते पाहावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मंदच राहते. ही सायकल ज्येष्ठांनी एकट्याने उचलू नये.

पहिल्यांदा नदी गाठली त्या दिवशी नाना बराच वेळ काठावर बसले होते. परतताना भरावाजवळ मी म्हणालो, “नाना, येथे उतरून ढकलत नेऊ या.” ते थांबले, खोगीर खाली केले, दोन्ही पाय टेकले, मोटरची पायरी पाहिली. “तू ढकल तुझी,” म्हणाले, आणि सावकाश पायडल मारत चढून गेले. मी माझी सायकल ढकलत मागून गेलो.