गोणपाटावर मांडलेला हिशेब

ट्रक जुना झाला की त्याचा रस्ता आखूड होतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे 12 वर्षांपुढच्या साध्या, दोन आसांच्या ट्रकला नॅशनल परमिट मिळत नाही. मग देशभर हिंडलेली गाडी एखाद्या जिल्ह्याच्या गावी कमी किमतीत विकली जाते आणि उरलेलं आयुष्य आसपासची वाळू, ऊस, कापूस, केळी वाहण्यात काढते. बुऱ्हाणपूरला अशा गाड्या पुष्कळ आल्या. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतलेली टाटा 1210 त्यांतलीच. घरात आली तेव्हा ती माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. तिच्या जिवावर आम्हा भावंडांची शिक्षणं झाली, ताईचं लग्न झालं, भाड्याचं घर सुटून स्वतःच्या दोन खोल्या झाल्या. हे सगळं गाडीने केलं, असं नाना म्हणायचे. आई म्हणायची, उस्तादांनी केलं. मी आईच्या बाजूची आहे.

उस्तादांचं गॅरेज गणपती नाक्यापलीकडे होतं. गॅरेज म्हणजे कडुलिंबाखाली पत्र्याची शेड, एक चेन-पुली, लाकडी ओट्यावर बसवलेला व्हाईस आणि मागच्या दारातून थेट त्यांच्या घराचं अंगण. ते मिसरूड फुटायच्या आधी इंदूरला एका गॅरेजात खलाशी म्हणून लागले होते. तेव्हाच्या ट्रकांच्या जाळीवर मर्सिडीजचा तारा असे. 1954 साली टेल्कोने डायमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. 1969 मध्ये तो करार संपला आणि ताऱ्याच्या जागी टाटांचं अक्षर आलं. बाहेरची खूण बदलली तरी आतल्या इंजिनाचं घराणं तेच राहिलं. त्यामुळे आमच्या गाडीचं 692 इंजिन, सहा सिलिंडर आणि 92 मिलिमीटरचा बोअर, उस्ताद अंधारातही उघडू शकले असते. सिलिंडर पेटण्याचा क्रम, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार, त्यांनी मला पाढ्यांच्या वयातच पाठ करायला लावला. तो मला आजही पाढ्यांच्या आधी आठवतो.

कामात पटाईत मिस्तरी बुऱ्हाणपुरात आणखीही होते. उस्तादांची रीत मात्र दुसऱ्या कोणाची नव्हती. इंजिन उतरवून उघडलं, की काढलेला प्रत्येक भाग ते डिझेलने धुऊन गोणपाटावर ओळीने मांडत. झिजलेल्या रिंगा, खरचटलेली बेअरिंगं, जळालेला व्हॉल्व्ह, फाटलेलं गॅस्केट. आणि मग नानांना सांगत, ''भाभी को ले आइए.'' घरातलं माणूस येऊन बघेपर्यंत नवा भाग आत जात नसे. नानांना आधी हे पटलं नाही. गाडीचं काम हे पुरुषाचं, बाईमाणसाला गॅरेजात काय बोलवायचं? उस्ताद वाद घालत नसत. ते पाना खाली ठेवून चहा घेत बसत.

आई आली ती डोक्यावरून पदर घेऊन, मला कडेला धरून. उस्तादांनी तिच्यासाठी लाकडी खोकं पुसून ठेवलं. मग तिच्या हातात जुनी रिंग आणि नवी रिंग दिली आणि दोन्ही लायनरमध्ये बसवून त्यांच्या तोंडाची फट दाखवली. नव्या रिंगेची फट डोळ्याला जेमतेम दिसत होती. जुनीची एवढी मोठी, की फिलर गेजची सगळ्यांत जाड पट्टीही त्यात सैल हलली. ''तेल इथून जळतं, भाभी. निळा धूर यातूनच येतो. तुमचा पैसा इथून उडून जातो.'' आईने ती रिंग बराच वेळ बोटांत फिरवली आणि मग भाव विचारला. त्या दिवसापासून आमच्या घरातला गाडीचा खर्च हा नानांचा एकट्याचा खर्च राहिला नाही.

गाडीची वही माझ्याकडे आली तीही उस्तादांमुळे. डिझेल किती भरलं, इंजिनात वरून तेल किती ओतलं, ग्रीस कधी मारलं, कुठल्या टायरला कधी पंक्चर झालं, हे सगळं मी शंभर पानी वहीत लिहायचे. उस्ताद मला मोठ्याने वाचायला लावत आणि डोळे मिटून ऐकत. वरून ओतायच्या तेलाचा आकडा दोन-तीन खेपांत चढत गेला, की गाडी गॅरेजात येण्याआधीच ते सांगत, ''अगले महीने काम निकलेगा, पैसे जोड़ के रखो.'' मिस्तरी आधी सांगतो, की पैसे जोडून ठेवा! नाहीतर घरादाराला खर्चाची खबर गाडी बंद पडल्यावर लागते, आणि तेव्हा जो सांगेल तो भाव द्यावा लागतो. ज्यांचं पोट एका जुन्या गाडीवर चालतं त्यांनाच या एका महिन्याच्या सवडीची किंमत कळेल.

पिस्टन बसवायचा दिवस मला सगळ्यांत आवडायचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, गार असताना त्यात गजन पिन शिरत नाही, आणि ठोकून शिरवली तर पिस्टनचा आकार बिघडतो. म्हणून पिस्टन उकळत्या पाण्यात तापवायचा, म्हणजे भोक कणभर मोठं होतं आणि पिन अंगठ्याने आत सरकते. हे काम उस्तादांच्या बायकोच्या, म्हणजे खालांच्या, चुलीवर होई. त्यांची एक मोठी देगची फक्त पिस्टनसाठी राखलेली होती. खाला फडक्याने पिस्टन उचलून देत, मी त्यावर कोरलेला सिलिंडरचा नंबर ओरडत असे, आणि गार व्हायच्या आत उस्ताद कनेक्टिंग रॉड घालून पिन सारत. सहाही पिस्टन होईपर्यंत त्या चुलीवर दुसरं काही चढत नसे. म्हणून त्या दिवशी आई आमच्याकडून त्यांच्याकडे पोळ्या-भाजी पाठवायची. खालांच्या हातचे मांडे बुऱ्हाणपुरात नावाजलेले होते, आणि आमच्याकडे मांडे व्हायचे ते पुरणाचे. सणाला पुरणाचा मांडा त्यांच्या घरी जायचा. त्यांच्याकडचा कोरा मांडा आमच्याकडे यायचा आणि आम्ही तो आंब्याच्या रसाबरोबर खायचो.

रेडिएटरच्या पाण्याबद्दल उस्ताद फार कडक होते. ट्रकवाले रस्त्यात मिळेल त्या हातपंपाचं पाणी ओततात. आपल्याकडचं पाणी काय करतं ते बघायचं असेल तर लालबागेला जा, असं ते सांगत. तिथला कुंडी भंडारा 1615 साली अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात बांधला. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत, शहराकडे आणण्याची ती व्यवस्था. शेकडो वर्षांत त्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढले आहेत आणि पाण्याची वाट त्यांनी अरुंद केली आहे. रेडिएटरच्या बारीक नळ्यांना तर इतकी वर्षंही लागत नाहीत. नळ्या भरल्या की इंजिन तापतं, हेड वाकतं, गॅस्केट उडतं. उस्ताद पावसाळ्यात पत्र्यावरून गळणारं पाणी पिंपांत धरून ठेवत आणि तेच ओतत. आईने आमच्याकडेही एक पिंप धरलं. शेजारणी विचारत, एवढं पाणी कशाला? आई सांगायची, गाडीसाठी.

त्या वर्षांत मध्य प्रदेशात वीज सतत जायची. बुऱ्हाणपूर म्हणजे पॉवरलूमचं गाव. मोहल्ल्यात दिवसरात्र मागांचा खडखडाट. त्यात इंजिनाचा बारीक ठोका ऐकू येणं कठीण. उस्ताद वीज जायची वाट बघत. माग थांबले, की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकवर टेकवून मूठ कानाला लावत आणि सगळ्यांना गप्प बसवत. मग मलाही ऐकवत. हा टापेटचा आवाज, हा वरवरचा, हलका; आणि हा खालून येणारा जड आवाज मेन बेअरिंगचा, हा आला की गाडी एक मैलसुद्धा चालवायची नाही. वीज गेली म्हणून सारं गाव वैतागलेलं असताना त्या शेडमध्ये आम्ही कान देऊन बसलेलो असू.

एकदा केळी भरून इंदूरला निघालेली गाडी रात्री असीरगडच्या चढावर उभी राहिली. क्राउन-पिनियनचा दात तुटला होता. केळी हा थांबणारा माल नाही. उन्हात एक दिवस काढला की व्यापारी हात लावत नाही. नानांनी खाली येणाऱ्या ट्रकवाल्याच्या हाती निरोप धाडला आणि उस्ताद मिळेल त्या गाडीने वर गेले. त्यांनी आधी दुसरा ट्रक थांबवून, क्लीनरसोबत स्वतः खांदा लावून घड त्यात चढवले, खाली केळीची पानं नीट अंथरून. माल रवाना झाल्यावर मग गाडीखाली शिरले. सकाळी बुऱ्हाणपूरला परतल्यावर ते स्वतःच्या घरी जाण्याआधी आमच्या दारात आले. आमच्याकडे फोन नव्हता, आई रात्रभर बसून होती. उस्ताद बाहेरूनच म्हणाले, ''नानाभाई ठीक हैं. माल चला गया. गाडी खड़ी है.'' याच क्रमाने. आईने हा क्रम पुढे किती तरी जणांना सांगितला.

पण मला जे सांगायचं आहे ते क्रँकशाफ्टचं. एका हिवाळ्यात आमच्या गाडीचा क्रँक गेला. ग्राइंडिंग करून करून तो शेवटच्या मापाला आला होता, पुढे वाव नव्हता. नवा क्रँक घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं. नानांनी भंगारवाल्याकडून एक वापरलेला आणला, दिसायला चकचकीत. उस्तादांनी तो उलटा टांगून हातोडीने हलकेच वाजवला आणि आवाज त्यांना पसंत पडला नाही. मग त्यांनी क्रँक रॉकेलमध्ये ठेवला, रात्रभर. सकाळी काढून कोरडा खसखसून पुसला आणि त्यावर खडूची पूड चोपडली. आई खोक्यावर बसली होती, मी खडू धरून उभी. थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर, जर्नलच्या कोपऱ्याशी, केसाएवढी काळी रेघ उमटली. भेगेत शिरलेलं रॉकेल बाहेर येऊन खडूत उतरलं होतं. नाना म्हणाले, एवढ्याशा रेघेने काय होतंय, एक हंगाम निघेल. उस्ताद काहीच बोलले नाहीत. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, ''हा नको.''

नानांच्या तोंडावर, गाडीच्या बाबतीत, परक्या माणसांसमोर आईने 'नको' म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. उस्तादांनी क्रँक उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, ''भाभी ने कह दिया, बात ख़त्म.'' नाना तणतणत बाहेर गेले. पण तो क्रँक गाडीत गेला नाही. आईने भिशी लवकर उचलली, उरलेल्या पैशांसाठी कोणाकोणाशी बोलली ते तिने कधी सांगितलं नाही, आणि नवा क्रँक आला. मधल्या काळात आमचं उघडं इंजिन शेडची निम्मी जागा अडवून होतं. तेवढ्या जागेत उस्तादांनी दुसऱ्याचं काम घेतलं असतं तर चार पैसे मिळाले असते. त्यांनी जागा तशीच ठेवली. मजुरी केळीच्या हंगामानंतर द्या म्हणाले आणि पुढे एकदाही विषय काढला नाही. आई दर महिन्याला थोडे थोडे देत गेली. मी वहीत लिहीत गेले. ते पैसे फिटले, शेवटच्या रुपयापर्यंत. माझ्या आईला आमच्या घरात जो आवाज मिळाला, तो कुठल्या पानावर जमा धरायचा?

नानाही पुढे बदलले, हे सांगायलाच हवं. भाडं ठरवायला माणूस आला की ते आतल्या खोलीकडे बघून म्हणत, ''जरा हिला विचारतो.'' ताडपत्री फाटली की आई दाभणाने शिवायची आणि शिवता शिवता पुढच्या खेपेचा हिशेब करायची.

जुन्या गाड्यांबद्दल आता सरकारचं धोरण वेगळं आहे. 2021 मध्ये वाहनं मोडीत काढण्याचं धोरण आलं; 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांपुढच्या जड वाहनाच्या फिटनेसची फी 12,500 रुपये झाली. आमची गाडी त्याच्या पुष्कळ आधी विकली गेली होती. जुन्या इंजिनाचा धूर मुलांच्या छातीत जातो, तेव्हा या धोरणाला माझा विरोध नाही. उस्तादांनी तरी जुनं आहे म्हणून धूर कधी माफ केला? काळा धूर सोडणारी गाडी ते पंप आणि नोझल तपासल्याशिवाय शेडबाहेर जाऊ देत नसत. मालक भांडला तर मजुरी सोडून देत, गाडी सोडत नसत. मला वाटतं, नियम करताना गाडीचं वय बघावं आणि ती कोणाच्या हातातून जाते आहे हेही बघावं. दोन गाड्या एकाच वर्षी कारखान्यातून निघालेल्या असतात, आणि वीस वर्षांनी त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

उस्तादांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा नव्या गाड्यांवर काम करतो; संगणक जोडून दोष वाचतो आणि मग पाना हातात घेतो. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकच्या मुलांना शिकवते. मी या शाखेत जाते म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली होती. तेव्हा नानांच्या आधी उस्ताद आमच्या घरी आले होते आणि माझ्या काकांशी तासभर बोलत बसले होते. काय बोलले ते मला आतल्या खोलीत ऐकू आलं नाही. काका उठताना एवढंच म्हणाले, शिकू द्या तिला.

रॉकेल आणि खडूची परीक्षा मी दर बॅचला करून दाखवते; यंत्रं आली तरी ती डोळ्यांना पटते. आणि प्रात्यक्षिकासाठी आसपासच्या एखाद्या मालकाचं जुनं इंजिन आमच्याकडे येतं, तेव्हा मुलं सगळे भाग धुऊन गोणपाटावर मांडतात आणि मी मालकाला सांगते, उद्या घरच्यांना घेऊन या. बहुतेकांना अवघड वाटतं. काही टाळतात. पण बायका येतात, आधी दारातच उभ्या राहतात, मग हळूहळू पुढे येऊन वाकून बघतात, आणि पहिला प्रश्न पैशाचा विचारतात. मुलांना मी बजावून ठेवलेलं असतं, की त्या प्रश्नाचं उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायचं नाही.