वाळूखालचे मौन

अमेरिकेतील समुद्रकिनाऱ्यांवरच्या दुकानांतून मुलांच्या हट्टापायी घरी येणारा हर्मिट क्रॅब हा बहुधा कॅरिबियन किनाऱ्यावरून उचललेला, रिकाम्या शंखात राहणारा खेकडा असतो. तो विकत न घेणेच उत्तम. परंतु आलाच, तर त्याचे नीट करावे. जमिनीवर राहूनही त्याचा श्वास कल्ल्यांवर चालतो. त्यामुळे काचेच्या पेटीतील आर्द्रता ७० टक्क्यांहून अधिक हवी. तारेच्या कोरड्या पिंजऱ्यात तो हळूहळू गुदमरतो. गोडे आणि खारे, दोन्ही पाणी क्लोरीनविरहित असावे. कात टाकताना तो ओलसर वाळूत कित्येक आठवडे स्वतःला गाडून घेतो. घरची मंडळी मेला समजून उकरतात, आणि त्या उकरण्यानेच तो अनेकदा मरतो. मेलेल्या खेकड्याला उग्र दुर्गंधी येते. ती नसेल तर वाळूला हात लावू नये.