गिऱ्हाईकाची खेळी

चि. बंड्यास,
अनेक आशीर्वाद.

खरेदीच्या अ‍ॅपच्या कंपनीत लागलास आणि गिऱ्हाईकाचं मन ओळखणं हेच तुझं काम आहे, असं ताई सांगत होती. म्हणजे मामाच्याच धंद्यात आलास की!

लग्नाचा बस्ता काढायला मंडळी आली की आम्ही आधी भारीतली पैठणी उलगडतो. ती खपावी म्हणून नव्हे. तिची किंमत ऐकल्यावर पुढची आठ हजारांची साडी आवाक्यातली वाटते म्हणून. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली हेच प्रयोगाने मांडलं. आकड्यांचं एक चक्र फिरवून ते लोकांना विचारत, संयुक्त राष्ट्रांतले किती टक्के देश आफ्रिकेतले? चक्र 10 वर थांबलं तर मधला अंदाज 25 यायचा, 65 वर थांबलं तर 45. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचा संबंध नाही, तरी!

मग चहा येतो. साडी खांद्यावर टाकून आरशात बघितली की निम्मी आपली झालेली असते. वीस घड्या मोडायला लावल्यावर तर रिकाम्या हाताने उठणं जड जातं. कोणी आपल्यासाठी काही केलं की परतफेड करावीशी वाटते; मानसशास्त्रज्ञ चाल्डिनी यांनी मन वळवण्यावरच्या आपल्या 1984 च्या पुस्तकात या ओढीला मोठं स्थान दिलं आहे.

यात मला वावगं वाटत नाही, कारण समोरची बाईही कच्च्या गुरूची चेली नसते. आवडलेल्या साडीकडे ती मुद्दाम ढुंकून बघत नाही. घासाघीस करायला खमकी आत्या सोबत आणते. "शेजारी बघून येतो" म्हणत पायरी उतरते आणि भाव उतरायची वाट बघते. आमची एक खेळी, तिची एक.

तुमच्या पडद्यावर तिची खेळीच नसते. ती एकटी, आणि समोर लाखोंच्या बोटांवर पारखून घेतलेलं बटण. माल भरपूर असताना "फक्त 2 शिल्लक". न मागता टोपलीत शिरलेला विमा. वर्गणी सुरू करायला एक टिचकी, बंद करायला सात पानं. आणि नकार द्यायचा तर "नको, मला बचत करायची नाही" असं स्वतःच्याच तोंडून वदवून घ्यायचं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये असले 13 प्रकार नियमावलीत नमूद करून त्यांना मनाई केली. तरी पळवाटा काढणारे असतातच, आणि त्या शोधायला तुझ्यासारखीच हुशार पोरं लागतात.

मोह दाखव, रंग खुलव, सवलत ठळक छाप, विकणाऱ्याने विकावंच. पण "नको"चं बटण "हो"एवढंच ठेव आणि वर्गणी जितक्या टिचक्यांत सुरू होते तितक्यांतच बंद होऊ दे. साहेब विचारतील, गिऱ्हाईक गेलं तर? त्यांना सांग, आमच्याकडे पायरी उतरून गेलेली बाई पुढच्या बस्त्याला परत येते. फसवून थांबवलेली येत नाही, आणि तिची आत्या साऱ्या गल्लीला सांगते ते वेगळंच.

तब्येतीला जप.

तुझा,
मामा