कूस बदलताना

१६ एप्रिल, राहुरी
पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि पंखा, कपाट, खिडकी सगळं गरगर फिरायला लागलं. गादीची कड घट्ट धरून पडून राहिले. अर्ध्या मिनिटात थांबलं. उठून बसले तर पुन्हा तेच. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालं असंल गं, लिंबाचं सरबत घे." हे काहीच बोलले नाहीत. पुन्हा एमएसचा अटॅक आला की काय, हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. घरात मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, शिरल्यापासून माझ्या प्रत्येक दुखण्याचं खापर एमएसवरच फुटतं.

१९ एप्रिल
नगरला न्यूरोलॉजिस्टकडे जाऊन आलो. गरगर किती वेळ टिकते, कशानं सुरू होते, ऐकू कमी येतं का, एकाचे दोन दिसतात का, सगळं बारकाईनं विचारलं. मग टेबलावर बसवून मान उजवीकडे वळवली आणि झटकन मागे झोपवलं, डोकं टेबलाच्या कडेखाली. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग जी गरगर सुटली! डॉक्टरांचं सारं लक्ष माझ्या बुबुळांवर होतं. ती कशी थरथरतात आणि कधी थांबतात, यावरून दोष कानात की मेंदूत, हे कळतं म्हणे. माझा कानात निघाला. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की मान हलताच मेंदूला खोटा निरोप जातो. मान ठरावीक क्रमानं वळवत, प्रत्येक वेळी थोडं थांबत, त्यांनी ते कण माघारी घालवले. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी शोधलेली ही रीत. ना सलाईन, ना स्टेरॉईड.
एमएसच्या रुग्णांना येणाऱ्या गरगरीमागं हे कण पुष्कळदा असतात, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. किती जणांना अटॅक समजून उगाच स्टेरॉईड दिलं जात असेल, या विचारानं जीव तुटतो.

२० एप्रिल
कूस बदलली. काही फिरलं नाही.

२७ एप्रिल
गेल्या वर्षीची गरगर निराळी होती. ती दिवसरात्र चालू होती, डोळे मिटले तरी थांबेना, जीभ जड झालेली. एमआरआयमध्ये मेंदूच्या खोडात नवा डाग दिसला आणि शिरेतून मिथिलप्रेडनिसोलोन द्यावं लागलं. तेव्हा ते हवंच होतं.
तोल सांभाळायला कान, डोळे आणि तळपाय तिघांचे निरोप मेंदूचं खोड आणि लहान मेंदू जुळवून घेतात. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण कुरतडते, उंदरानं विहिरीवरच्या मोटारीची केबल कुरतडावी तसं. निरोप उशिरा पोचतात, काही पोचतच नाहीत. माझ्या तळव्यांचं तसंच झालंय. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी डावीकडे कलते. न्हाणीघरात शहाबादी फरशी, तीही ओली. यांनी भिंतीला स्टीलचा दांडा ठोकून घेतला, तेव्हापासून अंघोळीची धास्ती गेली.

७ मे
ऊन चाळिशीच्या पुढं. दुपारी गिरणीतून दळण आणताना पाय लटपटले, डोळ्यांपुढं अंधुक झालं. सावलीला बसले, मानेवर ओलं फडकं ठेवलं, तासाभरात सगळं पूर्ववत. याला उथॉफची लक्षणं म्हणतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्येच ती नोंदवली होती. अंग तापलं की वेष्टण गेलेल्या तंतूंतून निरोप आणखी रेंगाळतात, पण नवी इजा होत नाही. नवा त्रास २४ तासांहून जास्त टिकला आणि ताप किंवा लघवीचा संसर्ग नसला, तर मात्र अटॅकचा संशय घ्यायचा. दळण आता सकाळी आठच्या आत.

१८ मे
तोल सांभाळायचा व्यायाम सुरू केलाय. कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, समोर खुर्ची, पायाखाली घडी घातलेली गोधडी. हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखायची आणि मान डावी-उजवी करायची. थोडं गरगरतं. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, तेवढं सोसा, त्यातूनच मेंदू शिकतो. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या तर हे शिकणं खुंटतं, आणि आपल्याकडं तर लोक चिठ्ठीशिवाय त्या घेत राहतात. संध्याकाळी कृषी विद्यापीठाच्या सपाट रस्त्यावर यांचा हात धरून चालते. कालव्याच्या कडेची खडबडीत वाट मात्र सोडली.
परवा एसटीत चढताना झोकांडी गेली आणि मागून कुणीतरी हसलं. फार लागलं मनाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे, पण दिव्यांगत्वाचं कार्ड पर्समध्ये असतं, कपाळावर नसतं.

३० मे
आज जागतिक एमएस दिन. मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते, पुण्यातही शाखा आहे. राहुरीत मात्र अजून आजाराचं नावच समजावून सांगावं लागतं. म्हणून ही पानं कुणाच्या हाती पडली तर एवढं करा: घरात एमएसचं माणूस असेल आणि त्याला चक्कर आली, तर किती वेळ टिकली, कूस बदलताना आली का, उन्हातून आल्यावर आली का, अंगात ताप होता का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा.